सनावदला आत्याकडे भाऊबीजेला निशिगंध पाठवायचा आहे, ताजा पोचण्यासाठी काय करू?

मेधा_राजेंद्रनगर

नमस्कार. इंदूर-निमाड भागातल्या कुणाला अनुभव असेल तर कृपया नीट सांगा. या वेळी चुकून चालणार नाही.

माझी आत्या सनावदला राहते. वय ७७. काका जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. गावाबाहेर बेडियाच्या रस्त्याला थोडी शेती आहे, ती बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेली. आधी कापूस, मग गहू. बटईदाराची बायको सकाळ-संध्याकाळ डोकावून जाते, एरवी आत्या एकटीच.

माझे बाबा तिचे एकुलते एक भाऊ. दर भाऊबीजेला सकाळच्या पहिल्या बसने ते सनावदला जायचे. ओवाळणीचं पाकीट खिशात आणि हातात निशिगंधाच्या बारा काड्या. बुंध्यांना ओलं फडकं, वरून वर्तमानपत्र. ती जुडी मांडीवर उभी धरून अडीच तासांचा प्रवास करायचे. शेजारच्या माणसाने कितीही म्हटलं, "वर ठेवून द्या ना बाबूजी," तरी आडवी ठेवू देत नसत.

निशिगंधच का, तर आमचं जुनं घर रामबागेत होतं आणि मागच्या परसात आजीने लावलेला निशिगंधाचा वाफा होता. आत्या त्या वासात वाढली. पुढे घर विकलं, पाडलं, तिथे मजले उभे राहिले. वाफा गेला त्या वर्षापासून बाबांनी विकत घेऊन न्यायला सुरुवात केली. आत्याच्या अंगणात जास्वंद आहे, पारिजात आहे, मोगरा आहे. निशिगंध मात्र नाही. तिला कुणी सुचवलं तरी ती म्हणायची, "तो माझा भाऊ आणतो."

बाबा या आषाढात गेले.

मला स्वतःला जाता येत नाहीये. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन बाराच दिवस झालेत, त्यांना उठवायला-बसवायला मीच आहे. यजमानांना त्या दिवशी सुट्टी नाही. पण यंदा भाऊबीजेला आत्याच्या दारात काहीच पोचलं नाही, हे माझ्या मनाला पटत नाही.

मागच्या वर्षी तिच्या वाढदिवसाला एका संकेतस्थळावरून पुष्पगुच्छ मागवला होता. चित्रात चोवीस लाल गुलाब. सनावदचा पिनकोड टाकला, पैसे घेतले. त्या दिवशी काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नऊ-दहा कार्नेशन आले, माना मिटलेल्या, चमकीच्या कागदात. आत्याने फोनवर छान छान म्हटलं, पण बटईदाराच्या मुलीने फोटो पाठवला तेव्हा मला रडू आलं.

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. इंदूरहून सनावदला, म्हणजे ७५-८० किलोमीटर, फुलं बसने पाठवली तर टिकतात का? कशी बांधायची? आणि दिवाळीच्या गर्दीत भरवसा कुणावर ठेवायचा?

कुंडीतली_बाग

मेधाताई, तोडलेली फुलं चार दिवसांची सोबत. त्यापेक्षा एखादं छान रोप पाठवा. कुंडीत वर्षभर राहील, तुमची आठवणही राहील. मी नातेवाइकांना आता रोपंच देते.

मेधा_राजेंद्रनगर

तुमची सूचना मनापासूनची आहे हे कळतं. पण आत्याचे गुडघे फार दुखतात. अंगणातली आहेत ती झाडंच बटईदारीणबाई पाणी घालून जगवतात. तिच्या अंगावर नवी जबाबदारी टाकायची नाही. शिवाय बाबा काड्या न्यायचे, मला काड्याच पाठवायच्या आहेत.

बडवाहचा_पाहुणा

ताई, मी मूळचा बडवाहचा, आता इंदुरात भंवरकुआंजवळ राहतो. हा रस्ता पाठ आहे.

पहिली गोष्ट, वेळेचा हिशेब अडीच तासांचा करू नका. सिमरोल ओलांडलं की भेरूघाट. एखादा ट्रक बंद पडला की दोन्ही बाजूंनी रांग. दिवाळीत तर अख्खं इंदूर खंडवा रोडवर असतं, त्यात ओंकारेश्वरला जाणाऱ्या गाड्या. चार तास धरा. पावसाळा संपलाय एवढं बरं. नर्मदा चढली की मोरटक्क्याचा पूल बंद करतात, तेव्हा बडवाहपर्यंत पोचलेला माणूससुद्धा पलीकडे सनावद गाठू शकत नाही.

दुसरी, बसवाल्यांकडे पार्सल लावता येतं. आपली रोडवेज, म्हणजे मध्य प्रदेशची सरकारी बससेवा, २००५ मध्ये बंद झाली तेव्हापासून सगळा कारभार खासगी बसवाल्यांचा. कंडक्टरला पैसे द्यायचे, बसचा नंबर लिहून घ्यायचा, पलीकडे माणूस उभा ठेवायचा. मोटारीचे पार्ट, औषधं, लग्नपत्रिका असंच जातं आणि पोचतंही. पण फुलांना कंडक्टर पार्सलच समजणार. डिक्कीत टाकेल नाहीतर वरून कुणाची तरी गोणी येईल.

तिसरी, सनावद-बडवाहच्या हारवाल्यांना कमी समजू नका. मोठी दुकानं नाहीत, काचेची कपाटं नाहीत. पण झेंडू, शेवंती, देशी गुलाब आसपासच्या खेड्यातून सकाळी तोडून येतो आणि दुपारी संपतो. शहरातल्या तीन दिवसांच्या गुलाबापेक्षा तो कितीतरी ताजा. फक्त चित्रातल्यासारखा गुच्छ त्यांच्याकडे मागितला की घोटाळा होतो, कारण ती फुलं त्यांच्याकडे येतच नाहीत. निशिगंधाचं नक्की सांगता येत नाही, दिवाळीत मिळेल किंवा नाही.

फुलं_आणि_हार

मेधाताई, मी गेली बावीस वर्षं इंदूरमध्ये फुलांचं काम करते. लग्नाचे मंडप, हार, गुच्छ, मखर. तुमचं पत्र वाचून आज दुकानात लक्ष लागेना, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मागच्या वर्षीचं. अशा संकेतस्थळांची ऑर्डर बहुधा दोन-तीन हातांतून जाते. पैसे घेणारा एक, फुलं देणारा दुसरा. मधला आपला वाटा ठेवतो आणि उरलेल्या पैशांत जवळच्या मोठ्या गावातल्या दुकानाला सांगतो. त्या दुकानाकडे जे असेल ते निघतं. आम्हालाही असे फोन येतात. लांबचं गाव असेल तर मी नाही म्हणून सांगते, सगळेच सांगत नाहीत.

कार्नेशन मिटले होते ना? ते नुसतं पाण्यावाचून होत नाही. पिकणारी फळं, केळी, आंबे, सफरचंद, इथिलीन नावाचा वायू सोडतात. कार्नेशन त्याला फार हळवं. केळ्यांच्या खोक्याशेजारी बंद गाडीत काही तास गेला की पाकळ्या आत वळतात, झोपल्यासारखं होतं, आणि मग कितीही पाणी द्या, उघडत नाही. इंदूरच्या चोइथराम मंडीतून फळांची खोकी निमाडकडे जाणाऱ्या बसमध्ये चढतात. तुमच्या फुलांचा प्रवास तसाच झाला असेल. घरातल्या फ्रिजमध्येही म्हणूनच फुलं ठेवू नका, भाजी-फळांच्या संगतीत ती लवकर जातात.

आता निशिगंध. तुम्ही फूल फार चांगलं निवडलंय. म्हणजे बाबांनी निवडलंय. आश्विन-कार्तिक हा त्याचा हंगामच. दोन जाती मिळतील, एकेरी आणि दुहेरी. दुहेरी भरगच्च दिसते, गुच्छाला तीच घेतात. पण वास एकेरीला. आजींच्या वाफ्यात एकेरीच असणार. मंडीत 'प्रज्वल' मिळाली तर घ्या, कळीच्या टोकाला किंचित गुलाबी झाक असते, उमलली की पांढरी. एकेरीत ती उत्तम.

काडी निवडताना खालच्या दोन-तीनच कळ्या उमललेल्या बघा, वरच्या टपोऱ्या आणि घट्ट. अर्धी काडी फुललेली असेल तर ती आज सुंदर दिसेल, सनावदला पोचेपर्यंत खालून गळायला लागेल. अगदी शेंड्याच्या बारीक हिरव्या कळ्या सहसा उमलत नाहीत, तो शेंडा खुडून टाका, खालच्यांना बळ मिळतं.

आदल्या दिवशी आणा. घरी आल्या आल्या बुंधे पाण्यात बुडवून, पाण्याखालीच, धारदार सुरीने तिरपे कापा, दोन बोटं तरी. बाहेर कापलं की काडीच्या नळ्यांत हवा शिरते आणि पाणी वर चढत नाही. गुलाबाची मान पडते ती बहुतेक याच कारणाने. खालची पानं काढा, पाण्यात बुडलेलं पान कुजतं. बादलीत एक लिटर पाण्याला एक चहाचा चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि कपडे धुण्याच्या साध्या ब्लीचचे चार-पाच थेंब. साखर कळीला अन्न, लिंबाने पाणी काडीत सहज चढतं, ब्लीचने पाण्यातली बुरशी-जंतू वाढत नाहीत. नुसती साखर घालू नका, पाणी लगेच नासतं. रात्रभर बादली बाथरूमच्या थंड फरशीवर, अंधारात, पंख्यापासून दूर.

निघताना बुंध्यांना ओला कापूस, त्यावर छोटी प्लास्टिकची पिशवी, रबर. प्लास्टिक फक्त बुंध्याला. वरच्या भागाला वर्तमानपत्राचा सैल शंकू, वर उघडा. फुलांवर पाणी शिंपडायचा मोह होतो, अजिबात शिंपडू नका. बंद कागदात ओलावा राहिला की पांढऱ्या पाकळीवर तपकिरी डाग पडतात.

आणि उभंच न्यायचं. तुमचे बाबा उगीच अडून बसत नव्हते. दांड्याची फुलं आडवी ठेवली की शेंडे वर, आकाशाच्या दिशेने वळायला लागतात, ग्लॅडिओलसमध्ये तर काही तासांत दिसतं. मग ती पुन्हा सरळ होत नाहीत. ड्रायव्हरशेजारच्या बोनेटवर ठेवू नका, इंजिनची धग लागते.

ओएसिसमध्ये, म्हणजे फुलं खोचायच्या ओल्या स्पंजात, खोचून, फिती लावून पाठवू नका. जुडीच पाठवा. पोचल्यावर आत्यांनी, किंवा ज्या बाई येतात त्यांनी, बुंधे पुन्हा एकदा कापून तांब्यात ठेवावीत. रोज पाणी बदललं आणि खालचं सुकलेलं फूल काढत गेलं तर पाच-सात दिवस कळ्या उमलत राहतील.

वडोदेकर_मामी

मेधा, मी तुझ्या आत्याच्या वयाची आहे, म्हणून एकेरीत लिहिते. आमचं घराणं बडोद्याचं, पण माझं माहेर देवासचं, त्यामुळे हे सगळे रस्ते ओळखीचे.

वर्षातल्या सणाची शंका तुझ्या मनात असेल आणि विचारायचा संकोच होत असेल. दुखवट्याचं वर्ष तुमच्या घरी. आत्या सासरची झाली, तिच्या घरी सण बंद नसतो. घराघराची रीत वेगळी, तरी पांढरी फुलं पाठवण्यात कसलाच दोष नाही. फक्त लाल-सोनेरी फीत, शुभेच्छांचं कार्ड असलं काही नको. ताईंनी जुडीच पाठव म्हटलंय ते मला फार योग्य वाटलं.

आता जे सांगायला बसले ते. माझा भाऊ एकोणीस वर्षांपूर्वी गेला. ज्या बाईला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे तुला ठाऊक असेल. पहिल्या वर्षी मला कुणी आठवण केली नव्हती. मीच पाट मांडला, तबक केलं आणि गच्चीवर गेले, तर चंद्र मावळून गेलेला. बीजेची कोर अगदी बारीक असते बाळ. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला खालीच दिसते आणि तासाभरात तीही जाते. मी रिकाम्या आकाशाकडे बघत उभी राहिले. ते मी कधी विसरले नाही.

तेव्हा आत्याला आधी विचार, ती चंद्राला ओवाळणार आहे का. ओवाळणार असेल तर तुझी फुलं संध्याकाळी पाचच्या आत पोचायला हवीत. रात्री आठला पोचली तर त्यांचा उपयोग वेगळा. आणि तिला पश्चिमेला मोकळी जागा कुठे आहे, तेही विचारून ठेव.

मेधा_राजेंद्रनगर

मामी, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मला ही रीत ऐकून माहीत होती, पण आत्याच्या बाबतीत सुचलीच नव्हती. माझ्या डोक्यात फक्त मी काय पाठवायचं एवढंच होतं.

आत्ताच तिच्याशी बोलले. म्हणाली, "करायचं तर आहे गं. पण घराच्या पश्चिमेला शेजाऱ्यांचा मजला चढलाय, कोर दिसायची नाही." मग स्वतःच म्हणाली, शेताच्या खळ्यावरून दिसेल. बटईदार मोटारसायकलवर नेईल का, ते ती विचारणार आहे. फुलांचं मी तिला काही बोलले नाही.

म्हणजे पाचच्या आत. बसवाल्यावर सोडायची आता हिंमत होत नाही.

बडवाहचा_पाहुणा

ताई, मी काल रात्रीच लिहिणार होतो. माझी बहीण खंडव्याला दिली आहे. भाऊबीजेला मी जातोच, बसने, सकाळी दहाच्या आत भंवरकुआंवरून. सनावद वाटेतच. बस तिथे चहाला थांबते. तुमच्याकडून कुणी स्टँडवर येऊन जुडी घेत असेल तर मी मांडीवर धरून आणतो. उभी धरून आणतो. मला काही अडचण नाही, त्या दिवशी हातात मिठाईच्या डब्याशिवाय काही नसतं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतो, आमच्या घरच्यांची तुमच्याशी फोनवर गाठ घालून देतो. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवला आहे.

फुलं_आणि_हार

हे तर सगळ्यात उत्तम. मेधाताई, फूलमंडीत पाडव्याच्या पहाटे जा, साडेपाचच्या सुमारास. लक्ष्मीपूजनाला जी झुंबड असते ती पाडव्याला ओसरते, पण माल कमी असतो, उशीर केला तर उरलेसुरले मिळेल. बारा हव्या असतील तर सोळा घ्या. वाटेत एखाद-दुसरी मोडतेच.

मेधा_राजेंद्रनगर

भाऊबीज झाली. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय झोप येणार नाही, म्हणून लिहिते. लांबलं तर समजून घ्या.

पाडव्याला पहाटे शेजारच्या वहिनींना सासूबाईंपाशी बसवून चोइथरामला गेले. एकेरी निशिगंध चौघांकडेच होता. पहिल्या दोघांच्या काड्या निम्म्या फुललेल्या. तिसऱ्या म्हाताऱ्या बाबांकडे मनासारख्या मिळाल्या. 'प्रज्वल' वगैरे त्यांना माहीत नव्हतं, पण कळीच्या टोकाला गुलाबी झाक होती, मी मोबाइलच्या उजेडात बघून घेतली. सोळा घेतल्या. शेवंतीही सुरेख होती, पिवळी, हात थांबत नव्हता, पण घेतली नाही. बाबा फक्त निशिगंध न्यायचे.

घरी येऊन बादलीत पाण्याखाली काड्या कापायला बसले आणि त्याच वेळी सासूबाईंनी हाक मारली. त्यांना विचारलं, बसवू का इथे खुर्चीवर? मग वॉकर धरून बाथरूमच्या दारापर्यंत त्या चालत आल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढं चालल्या. मी कापत होते, त्या लिंबू पिळत होत्या. रात्री दोनदा उठून बघितलं. दुसऱ्यांदा दार उघडलं तर सगळं घर वासाने भरलं. बाबा आदल्या रात्री काड्या आणून ठेवायचे तेव्हा असंच व्हायचं. हे मी पार विसरले होते.

सकाळी भंवरकुआंला दादा वेळेवर आले. त्यांच्या घरच्या वहिनींशी आदल्या दिवशी बोलणं झालंच होतं. मी जुडी त्यांच्या हातात दिली आणि कशी धरायची ते सांगायला लागले, तर म्हणाले, "ताई, सगळं वाचलंय." पुढचं त्यांनीच लिहावं.

बडवाहचा_पाहुणा

लिहितो. दहाला बस सुटली. भेरूघाटात सव्वा तास उभे होतो, एक कंटेनर वळणावर आडवा. उन्हं माझ्या बाजूला आली तेव्हा पलीकडच्या काकांशी जागा बदलून घेतली. कापसावर बाटलीतलं पाणी थोडं थोडं सोडत होतो, फक्त बुंध्याला. अख्ख्या बसमध्ये वास. मागच्या सीटवर एक लहान मुलगी होती, तिला एक फूल हवं होतं. मी तिला खालचं गळलेलं एक दिलं, ताई, काडीला हात लावला नाही.

दोन वाजून वीस मिनिटांनी सनावद. बटईदाराचा मुलगा स्टँडवर बारा वाजल्यापासून उभा होता. त्याच्या हातात दिली तेव्हा दोन काड्या मधून वाकल्या होत्या, बाकी चौदा सरळ. खंडव्याला पोचायला साडेचार झाले, बहीण उपाशी थांबली होती. तिला सगळं सांगितलं तेव्हा रागावली नाही.

मेधा_राजेंद्रनगर

दादा, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

साडेतीनला आत्याचा फोन आला. बोलेना. मला वाटलं फोन लागला नाही, मी हॅलो हॅलो करत राहिले. मग म्हणाली, "किती वाजता निघाला होता तुझा माणूस?" एवढंच विचारलं आणि ठेवला.

पुन्हा फोन आला सात वाजता, खळ्यावरून परत आल्यावर. बटईदाराने तिला मोटारसायकलवर नाही, बैलगाडीवर नेलं, गुडघ्यांना धक्के बसू नयेत म्हणून सावकाश. कापसाची वेचणी चालू आहे, खळ्यावर ढीग होता, त्याच्या कडेला पाट मांडला. बटईदारीणबाईंनी तबक धरलं. कोर दिसली, अगदी नखाएवढी, म्हणाली. ओवाळून झाल्यावर एक काडी पाटावर ठेवून आली. बाकीच्या काकांच्या पितळी तांब्यात आहेत, तिच्या उशाशी. वाकलेल्या दोन तिने टाकल्या नाहीत, लहान कापून देवापुढच्या वाटीत ठेवल्या.

माझ्या आईला फोनवर बोलावलं आणि म्हणाली, "वहिनी, वास तोच आहे." त्यानंतर दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी खोलीबाहेर आले.

मामी, तुम्ही सांगितलं नसतं तर माझी फुलं रात्री पोचली असती आणि मी त्यातच समाधान मानलं असतं.

आता एक नवा प्रश्न, फुलंवाल्या ताईंसाठी. आज सकाळी आत्या म्हणाली, तिला अंगणात निशिगंध लावायचा आहे. इतकी वर्षं नको म्हणत होती. म्हणते, "आता लावायला हरकत नाही." बटईदारीणबाईंना वास इतका आवडलाय की पाणी त्या घालणार आहेत. जागा दहा फूट बाय चार फूट असेल, सकाळचं ऊन येतं. आत्ताच लावायचा का? कंद कुठून घेऊ?

फुलं_आणि_हार

आत्ता नको. थंडी तोंडावर आहे, कंद नुसता पडून राहील. मार्च-एप्रिलमध्ये लावा, पावसाळा संपायच्या आत काड्या यायला लागतील. निमाडातली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो, म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा, शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. सुपारीपेक्षा मोठे, कडक कंद निवडा, दाबून मऊ लागले तर घेऊ नका. दोन कंदांत वीतभर अंतर, मातीखाली दोन बोटं. तुमच्या जागेत साठेक बसतील, पण पहिल्या वर्षी तीसच लावा. पुढे ते स्वतःच वाढतात, तीनेक वर्षांनी उकरून वेगळे करावे लागतात.

कंद विकत घेऊ नका. माझ्याकडे एकेरीचा जुना वाफा आहे, फेब्रुवारीत उकरणार आहे. तीस तुमच्यासाठी बाजूला काढून सावलीत सुकवून ठेवते. त्यांना उभं न्यायची गरज नाही, गोणपाटाच्या पिशवीत घालून कुणाच्याही हाती पाठवा.

बडवाहचा_पाहुणा

कुणाच्याही कशाला. मार्चमध्ये गव्हाच्या दिवसांत मी बडवाहला असतो, तिथून सनावद पलीकडेच. पिशवी माझ्याकडे द्या.